पडद्यामागचे घर

सिनेमाला गेले की काही माणसांना नायिकेचे डोळे दिसतात, काहींना तिच्या साडीचे काठ. माझी नजर मात्र राजवाड्याच्या खांबावर जाते. हा खांब दगडाचा की पुठ्ठ्याचा? तो राक्षस खरोखरच ताडाएवढा, की कुणाच्या टेबलावर मावणारा? शेजारी आमचे कुटुंब रुमाल भिजवीत असते आणि मी खांब न्याहाळीत असतो. ‘तुम्हांला मेलं सिनेमातलं काही कळतच नाही’ हा निकाल मी केव्हाच मान्य केला आहे.

पण या खोडीपायी कधी कधी गंमत हाती लागते. १९३३ सालचा ‘किंगकाँग’ घ्या. न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारतीवर चढणारा तो अजस्र वानर बऱ्याचशा दृश्यांत जेमतेम १८ इंचांचा बाहुला होता! आत सांधे असलेला धातूचा सांगाडा, त्यावर रबर आणि कापूस, वरून सशाची कातडी. विलिस ओब्रायन त्याचा हात किंचित हलवी, एक चित्र घेई, पुन्हा किंचित हलवी. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी २४ चित्रे लागत. हलवताना बोटे केसांना लागत, म्हणून पडद्यावर काँगचे केस सारखे थरथरतात. कारागिरीच्या हिशेबी हा दोषच. पण पाहणाऱ्याला वाटते, जनावर रागाने फुलले आहे! पडद्यावर कधीच न दिसलेल्या माणसाची बोटे त्या केसांत अजून फिरताहेत.

हे सारे आठवायला निमित्त झाली माझी अक्का. नवरात्र संपता संपता ती आली ती डोळ्यांना पदर लावूनच.

“अरे, इंजिनिअर झालेला पोरगा, नोकरी सोडून बाहुल्या करीत बसलाय! सिनेमासाठी म्हणे. हल्ली ते सगळं संगणकावर होतं ना? मग याला कोण विचारणार? तू समजाव त्याला. मामाचं ऐकेल तो.”

मी समजवायला म्हणून गेलो. भाच्याने मागच्या पडवीत दुकान थाटले होते. लहानपणी याच पडवीपुढे तो दिवाळीचा किल्ला करी. पोत्याचा डोंगर, गेरूची तटबंदी, अळीव पेरून उगवलेले रान. आता तिथे वीतभर उंचीचा एक वारकरी उभा होता. आत तारेचा सांगाडा. मान वळे, गुडघा वाके, मुठीत पताका धरता येई. मी चष्मा पुसून जवळून पाहिले. धोतराच्या काठाला तांदळाच्या कणीएवढे टाके होते.

“हे रे कोणी शिवलं?” मी विचारले.

भाचा हसला. अक्का लगबगीने स्वयंपाकघराकडे वळली आणि तिथूनच म्हणाली, “त्याला कुठं शिवता येतंय? पोतं शिवल्यासारखं शिवलं होतं. मला बघवेना!”

माझे अर्धे काम तिथेच संपले.

मला रे हॅरीहाउझेनच्या आईची आठवण झाली. तेरा वर्षांच्या या अमेरिकन मुलाने ‘किंगकाँग’ पाहिला आणि त्याला त्या बाहुल्याने झपाटले. घरच्या गॅरेजात त्याने एक अस्वल केले, तेव्हा त्याच्या अंगावर आईच्या जुन्या फरकोटाचे केस चढले. पुढे मुलगा परीकथांची छोटी चित्रे काढू लागला. वडील यंत्रकाम जाणणारे. ते बाहुल्यांचे सांगाडे करून देत आणि आई कपडे शिवी. १९६३ सालच्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मध्ये त्याने सात हाडांचे सापळे तीन जिवंत नटांशी लढवले. काही मिनिटांच्या त्या लढाईसाठी तो साडेचार महिने सापळे हलवीत होता. जगाने लढाई पाहिली. शिवणाची टोपली कोण पाहणार?

आणि इतक्या लांब तरी कशाला जा? १९१२ साली आमच्या दादरला दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, पुढे कॅमेरा मांडला आणि दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्र घेत अंकुराची वाढ टिपली. पडद्यावर वेल भराभर वर चढलेला पाहून पैसेवाल्याचा हात सैल झाला. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. पण त्याआधी सरस्वतीबाईंचे दागिने गेले होते. फिल्मला भोके पाडायला त्या शिकल्या, रसायने कालवायला शिकल्या आणि साऱ्या कंपनीचा स्वयंपाकही त्यांच्याच चुलीवर झाला. मुलांनी अळीव पेरला की आपण कौतुक करतो. संसारी गृहस्थ वाटाण्यापुढे कॅमेरा मांडून बसला तर शेजारी काय म्हणतील, याचा विचार त्या माउलीने केला नाही.

असल्या धंद्याला माणसाचा हात लागतो, हे खरेच; पण त्या हातामागे एक घर लागते. संगणकाने बाहुला हालेल, डोंगरही उभा राहील. परंतु कुणाला तरी पोरांचे टाके ‘बघवत नाहीत’ आणि ती सुई हाती घेते, हे यंत्राकडून कसे व्हावे?

अर्थात अक्काचा प्रश्न टाक्यांनी सुटत नाही. पोटापाण्याचा प्रश्न तो. बाहुला अमर असतो अशातलाही भाग नाही. काँगच्या बाहुल्याचे रबर काळाने झडून गेले. उरलेला धातूचा सांगाडा २००९ साली लंडनला लिलावात निघाला. मी अक्काला यातले काही सांगितले नाही. एवढेच म्हटले, “वर्षभर बघू. जेवायला तर तो घरीच असतो ना?”

“माझ्याच जिवावर!” अक्का म्हणाली, पण ‘नाही’ म्हणाली नाही.

एका मिनिटाच्या चित्रासाठी १४४० चित्रे, असा भाच्याचा हिशेब आहे. त्याचा वारकरी अजून सातच पावले चालला आहे. कालच अक्काचा निरोप आला, ‘येताना पांढरा बारीक दोरा घेऊन ये. म्हातारीचं लुगडं राहिलंय.’