पाय दाबला की येणारा आवाज

ट्रॉय, मिशिगन
20 जुलै

चि. मृण्मयीस,

तुझ्या 1967 च्या शेवरले कॅमॅरोचं तू पाठवलेलं रेकॉर्डिंग आधी कानाला लावून ऐकलं, मग स्पीकरवर ऐकलं, आणि मामी दार लावून निघून गेली तरी ऐकत बसलो. हाती फारसं लागलं नाही. फोन बनलाय माणसाचं बोलणं टिपायला. एकसुरी घरघर तो नकोशी समजून दाबतो आणि मोठा आवाज झाला की सगळंच खाली ओढतो. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र फार कामाचं निघालं: सिग्नल सुटल्यावर पाय दाबला की खर्रर्र होतं, पाय काढला की तिथल्या तिथे बंद.

हे वाक्य त्या गॅरेजवाल्याने ऐकूनच घेतलेलं दिसत नाही. नाहीतर बेअरिंग गेलं म्हणून इंजिन उतरवायचा अंदाजखर्च त्याने तुझ्या हातात ठेवला नसता. जुन्या गाडीला आवाज आला की पहिला संशय नेहमी सगळ्यात महागड्या भागावर जातो. त्या कागदावर सही करू नकोस.

आवाज कसा आहे, हे सांगण्यात लोक सगळी शक्ती घालवतात. टकटक, खडखड, किणकिण. नोकरीभर मी गाड्यांच्या आवाजाचंच काम केलं, आणि सांगतो, कसा यापेक्षा कशाबरोबर हे आधी विचारावं. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, चाकांच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, की नुसत्या जोराबरोबर? गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये इंजिन वाढवलंस तेव्हा आवाज आला नाही, असं तू लिहिलंयस. म्हणजे नुसते फेरे सुटले. हायवेला ताशी साठ मैलांनी एकसारखं जाताना आला नाही. म्हणजे चाकं, टायर, चाकांची बेअरिंगं बहुतेक सुटली. राहिला जोर. ही पारख तुझ्याच पत्रात होती आणि तिला एक डॉलर लागला नाही.

आता जोर कोण कोण सोसतं ते बघू. सगळ्यात आधी सिलिंडरमधला जाळच. जुन्या व्ही-8 मध्ये जोराबरोबर येणाऱ्या आवाजाचं हे नेहमीचं कारण. ठिणगी पडल्यावर जाळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जायला हवा. दाब आणि उष्णता फार झाली तर उरलेलं मिश्रण जाळ पोचायच्या आधी स्वतःच पेट घेतं, आणि पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज येतो. इंजिन ठोकतं म्हणतात ते हेच. तुझं 327 घनइंची इंजिन 275 अश्वशक्तीवालं असेल तर त्याचं कॉम्प्रेशन सुमारे 10:1 आहे. ते शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यातलं. शिसं घातलं की इंजिन ठोकत नाही, हा शोध थॉमस मिजलीने 1921 साली तुझ्याच ओहायोत, डेटनला लावला, आणि अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पेट्रोलमधल्या शिशावर पूर्ण बंदी यायला 1 जानेवारी 1996 उजाडला. मधल्या काळात किती पिढ्यांनी ते हवेतून ओढलं, हा वेगळाच हिशेब आहे.

तू पेट्रोल 87 ऑक्टेनचं भरतेस असं लिहिलंयस, आणि पुण्याला बाबांच्या गाडीत 91 चं असायचं म्हणून काळजीत आहेस. पण हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. भारतात पंपावर रिसर्च ऑक्टेन सांगतात. अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन मापांची सरासरी. इथलं 87 म्हणजे जवळपास तिथलं 91. तरीही 10:1 ला 87 कमीच. पुढची टाकी सर्वात वरच्या दर्जाच्या पेट्रोलने भर. आवाज गेला तर रोग तिथेच होता, आणि मग डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग बघायचं. त्यातही एक खुबी आहे. पाय पूर्ण दाबला की इनटेकमधली निर्वात ओढ संपते आणि व्हॅक्युम ॲडव्हान्स बाजूला होतो. त्यामुळे पूर्ण पाय दाबल्यावरच ठोकत असेल तर दोष मुळातल्या टायमिंगमध्ये किंवा वजनांच्या स्प्रिंगांमध्ये शोधायचा. अर्ध्या पायावर ठोकत असेल तर व्हॅक्युमच्या डबीत. टायमिंग लाइटवरही डोळे मिटून विश्वास टाकायचा नाही. पुढच्या बॅलन्सरची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. इतक्या वर्षांत ती सरकली असेल तर तिच्यावरची टायमिंगची खूणच खोटं बोलते.

पण तुझा आवाज खर्रर्र आहे आणि तू 'घासल्यासारखा' असा शब्द वापरलायस. ठोकणारं इंजिन घासत नाही.

बाकीचे संशयित भराभर उरकतो. एक्झॉस्टचं गास्केट फुटलं असेल तर चिकचिक येते, थंड इंजिनाला जास्त, आणि लोखंड तापून फुगलं की कमी होते. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला असेल तर गिअर टाकताना एकच 'ठक्'. डिफरन्शियल कुंई करतं आणि पाय काढल्यावर त्याचा सूर बदलतो. तुझ्या गाडीला मागे एकाच पानाचे स्प्रिंग आहेत. 1967 च्या कॅमॅरोचा हा बदनाम गुण. फार जोर दिला की मागचा धुरा उड्या मारतो आणि गाडीच धडधडते. त्यावर उपाय म्हणून पुढच्याच वर्षी कंपनीने मागचे शॉकॲब्सॉर्बर एक धुऱ्याच्या पुढे आणि एक मागे असे बसवले. तुला धडधड नाही, तेव्हा तेही सोडून दे.

कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग? ते बऱ्याचदा पाय किंचित सोडताना जास्त बोलतं, आणि न्यूट्रलमध्येही पूर्ण गप्प बसत नाही. खात्री हवी तर डॅशबोर्डच्या दिव्यावर न जाता साधा यांत्रिक गेज लावून ऑईलचा दाब बघ. गरम इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे दहा पाउंड हा इथला जुना ठोकताळा. तो दाब मिळाला तर त्या गॅरेजवाल्याला नमस्कार सांग.

उरलं इंजिनाचं माउंटिंग. माझं बोट तिथे आहे.

इंजिन चाकांना एका दिशेने पिळतं तेव्हा ते स्वतः उलट दिशेने कलंडायला बघतं. या गाडीत त्याची डावी, म्हणजे ड्रायव्हरकडची बाजू वर उचलली जाते. तिला खाली धरून ठेवायला पोलादाच्या दोन पट्ट्यांमध्ये चिकटवलेलं रबर असतं, आणि वरून झाकणाच्या गास्केटमधून झिरपलेलं ऑईल वर्षानुवर्षं त्या रबरावर पडत राहतं. जोड सुटला तरी उभ्या गाडीत काही कळत नाही, कारण इंजिन वजनाने जागेवर बसलेलं असतं. पहिल्या गिअरमध्ये पीळ सगळ्यात जास्त. सिग्नलला पाय दाबलास की इंजिन उठतं, त्याच्यावरचा पंखा उठतो आणि रेडिएटरच्या शराउडला, म्हणजे पंख्याभोवतीच्या आवरणाला, घासतो. पाय काढलास की खाली. न्यूट्रलमध्ये नाही, हायवेवर नाही. तुझं वाक्य याला अक्षरन् अक्षर लागू पडतं.

हे मी नुसत्या तर्काने सांगत नाही. डिसेंबर 1971 मध्ये जनरल मोटर्सला याच दोषासाठी सुमारे 67 लाख शेवरले परत बोलवाव्या लागल्या. तोवरचा तो सर्वात मोठा रिकॉल, आणि त्यात 1967 ते 1969 च्या कॅमॅरोही होत्या. कारण नुसता आवाज हे नव्हतं. इंजिन उचललं गेलं की ॲक्सिलरेटरची दांडी ओढली जाऊन थ्रॉटल उघडाच अडकू शकतो. कंपनीने माउंटिंग सरसकट बदललं नाही, इंजिनाला पोलादी दोरीने बांधून दिलं! स्वस्तातली युक्ती. तुझ्या गाडीला ती दोरी आहे का, तेही बघ.

तपासायचं असं. मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लाव, पार्किंग ब्रेक लाव, डावा पाय ब्रेकवर घट्ट ठेव. बॉनेट उघडं ठेवून पॉवरग्लाइड, म्हणजे तुझा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्राइव्हमध्ये टाक आणि ॲक्सिलरेटर क्षणभरच दाब. कोणाला तरी बाजूला उभं करून चित्रीकरण करायला सांग. गाडीसमोर कोणीही उभं राहायचं नाही. इंजिन इंचभर किंवा जास्त उठलं तर निकाल लागला. रिव्हर्समध्ये हेच केलंस की उजवं माउंटिंगही कळेल. त्याआधी इंजिन बंद असताना बॅटरीची तार काढून शराउडच्या वरच्या कडेवर आतून बोट फिरव. घासल्याचा ताजा चरा सापडेल असं मला वाटतं.

नवी माउंटिंग घेताना एकमेकांत अडकणारी घे. त्यांचं रबर फाटलं तरी पोलाद पोलादाला धरून ठेवतं. डावं-उजवं दोन्ही आणि गिअरबॉक्सखालचंही एकदमच बदल. इंजिन उतरवावं लागत नाही, आणि येणारा खर्च त्या अंदाजपत्रकाच्या पासंगालाही पुरणार नाही.

चासी नंबरात N आहे म्हणतेस, म्हणजे गाडी सिनसिनाटीजवळच्या नॉरवुडची, ओहायोचीच. तो कारखाना 1987 मध्ये बंद पडला. इथले कर्मठ लोक तिला मसल कार म्हणायला नाक मुरडतील. त्यांच्या लेखी 1964 ची पॉन्टिॲक जीटीओ खरी आणि कॅमॅरो ही पोनी कार. त्यांचं मनावर घेऊ नकोस.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवरच्या ड्रीम क्रूझला ती घेऊन यायचं तुझ्या मनात आहे. अवश्य ये, मामीने आत्तापासून बेत ठरवलेत. पण माउंटिंग बदलून होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. काम झालं की आधी मला फोन कर.

कळावे.

तुझा,
विनूमामा