शेवटचा अंक

१/ गेल्या पावसाळ्यात मी एका पत्राची नोंद खोडली. अठराव्या शतकातील दोन मोडी पत्रांना माझ्या सूचीत एकच सतरा अंकी क्रमांक दिसत होता. दुसरी नोंद पुनरुक्ती असावी असे समजून मी ती काढून टाकली. महिन्याभराने रुमाल पुन्हा उघडला, तेव्हा पत्रे दोन निघाली. वहीतील क्रमांकही निरनिराळे होते. चूक नकलनविसाची होती, आणि हा नकलनवीस म्हणजे एका मैत्रिणीने लिहिलेली छोटी संगणकीय लायब्ररी.

२/ संगणकाच्या स्मृतीतील माहिती साध्या मजकुरात उतरवणे म्हणजे सिरीयलायझेशन. त्यासाठी आज सर्वत्र वापरला जाणारा ‘जेसन’ हा साचा २००१च्या सुमारास डग्लस क्रॉकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. संख्या किती लांब असावी, यावर त्यात बंधन नाही. बंधन येते ते वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचे.

३/ जावास्क्रिप्टसारख्या भाषा संख्या ६४ बिटांच्या द्विमान फ्लोटिंग-पॉइंट रूपात ठेवतात. त्याचे मानक १९८५चे. त्यात ९००७१९९२५४७४०९९२च्या पुढची प्रत्येक पूर्णसंख्या नेमकी मावत नाही. शेवटी ९९३ असेल, तर गुपचूप ९९२ होते. २०१०मध्ये ट्विटरचे क्रमांक असेच लांबणार होते, तेव्हा प्रत्येक क्रमांक मजकूर म्हणूनही देण्याची सोय त्यांना करावी लागली.

४/ आमची लायब्ररी प्रत्येक संख्या आधी याच रूपात ओतून मग लिहीत असे. आम्ही ती दुरुस्त केली: सर्व संख्या अमर्याद लांबीच्या गणिताने लिहायच्या. नक्कल अचूक झाली, पण इतकी मंद की सूची साठवायला लावून चहा करून यावे.

५/ वाट सापडली ती इतिहासातच. दशांश संख्या अचूक आणि कमीत कमी अंकांत कशी छापावी, यावर स्टील आणि व्हाइट यांनी १९९०मध्ये निबंध लिहिला. त्यांची रीत बिनचूक, पण संथ. २०१०मध्ये फ्लोरियन लोइट्श यांनी ‘ग्रिसू’ ही वेगवान रीत मांडली. तिच्या एका प्रकाराला सुमारे ०.५ टक्के संख्या जमत नाहीत. मात्र आपल्याला जमत नाही हे तिला कळते, आणि तेवढ्याच संख्या ती संथ रीतीकडे सोपवते.

६/ आम्हीही तेच केले. मर्यादेतील संख्या जलद वाटेने, मोठ्या संख्या सावकाश वाटेने. वेग परतला. शिवाय क्रमांकांवर बेरीज-वजाबाकी करायची नसतेच, म्हणून ते आता अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून राहतात.

७/ खोडलेली नोंद वहीवरून पुन्हा लिहिली. नकलनविसाच्या चुका शोधायला आम्ही वर्गात शिकतो. पण माझ्याच सूचीचा नकलनवीस मला दिसला नव्हता, कारण त्याला हस्ताक्षर नाही. दोन नोंदी एकसारख्या दिसल्या, तर खोडण्यापूर्वी रुमाल उघडावा.