बिनकाल्याचा सप्ताह

आमच्या वऱ्हाडात ‘सप्ताह बसला’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या नाकात आधी काल्याचा वास येतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटी काला. कुणाच्या घरचं दही, कुणाच्या लाह्या, कुणाचं लिंबाचं लोणचं, कुणाची हिरवी मिरची. सगळं एका हंड्यात. सातही रात्री कीर्तनात भिंतीला टेकून घोरणारा माणूस काल्याच्या दिवशी पहिल्या पंगतीत खडखडीत जागा असतो. नावं सांगत नाही. त्यातले दोघे आमच्याच शाखेत आहेत.

पुढे पुढे सरकारी खात्यांनाही सप्ताहाची गोडी लागली. विद्युत सुरक्षा सप्ताह. १६ ते २२ मार्च जलजागृती सप्ताह. बावीस तारखेचा जागतिक जलदिन हा त्याचा समारोप. १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन, आणि त्याच्या मागोमाग आठवडा. मी बँकेतला कारकून. कॅलेंडर पाहायचं ते तांबड्या आकड्यांसाठी. या सप्ताहांतला एकही दिवस केवळ सप्ताहापायी तांबडा होत नसल्यामुळे त्यांची-माझी ओळख जरा उशिराच झाली. झाली तीही ‘शाखेतून दोन माणसं पाठवा’ अशा फोनमुळे. दोन माणसं पाठवा म्हटलं की आमचे साहेब आधी नकळत माझ्याकडे पाहतात, आणि मग दुसरा माणूस शोधायला लागतात.

तर मी गेलो. मंडप होता, माइक होता, प्रास्ताविक होतं, आभार होते. मधे प्रतिज्ञा होती. उजवा हात पुढे करून उभं राहायचं. माइकवरचे साहेब एक वाक्य म्हणणार, आपण ते मागून म्हणायचं. वाक्यं सरकारी मराठीतली असल्यामुळे लोकांचा दम अर्ध्या वाटेतच संपे आणि शेवटचा ‘नाही’ माइकवरच राहून जाई. त्यामुळे त्या दिवशी शंभरएक सुशिक्षित माणसांनी हात पुढे करून, गंभीर चेहऱ्यानं, ‘मी पाण्याचा अपव्यय करणार’ अशी शपथ घेतली. माझ्या अंदाजानं त्यातले बरेच जण अजून शब्दाला जागून आहेत.

विजेच्या सप्ताहात सांगतात ते एकूण एक खरं असतं. विजेच्या खांबाला जनावर बांधू नका, ताणाच्या तारेवर कपडे वाळत घालू नका, ओल्या हातानं बटण दाबू नका. पण ऐकायला बसलेले आम्ही सगळे तिसऱ्या मजल्यावर राहणारे. ज्याची म्हैस खांबाला बांधलेली असते तो त्या वेळी म्हशीपाशी असतो. शेवटी चहा आणि दोन बिस्किटं. काला नाही. म्हणजे ऐकून जायचं. हंड्यात आपलं म्हणून काही टाकायचं नाही.

एकदा मात्र काल्याच्या जवळपास जाणारं काही झालं. ५ जानेवारी २०१५ ला एलईडी दिव्यांची ‘उजाला’ योजना देशभर सुरू झाली. विजेचं बिल दाखवा आणि स्वस्तात दिवे घ्या. रोख नसेल तर हप्त्यानं, हप्ता पुढच्या बिलात. मी घरं, गाड्या, ट्रॅक्टर आणि म्हशी यांवरची कर्जं पाहिली आहेत. दिव्यावरचं कर्ज तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ना जामीनदार, ना तारण, ना ‘फॉर्मवर तिरपी सही का केली?’ अशी विचारणा. हिशेब इतका सोपा की बी. कॉम.लाही जमावा. साठ वॅटचा पिवळा बल्ब रोज चार तास जळला तर महिन्याला सात युनिटांच्या वर जातो, नऊ वॅटचा एलईडी साधारण एका युनिटात भागवतो. भाषण ऐकून ज्यांनी कधी एक बटण बंद केलं नव्हतं, त्यांनी पिशव्या घेऊन रांगा लावल्या. कारण इथे हातात काहीतरी येत होतं आणि घरून काहीतरी द्यायचंही होतं. निदान जुना बल्ब तरी काढावा लागत होता, आणि आमच्या काकांसारख्या माणसाला ‘चालू’ बल्ब काढणं म्हणजे नोकरीत असलेल्या माणसाला उगाच घरी बसवण्यासारखं वाटतं.

याच काकांपुढे महावितरणच्या ‘गो ग्रीन’ योजनेनं हात टेकले. कागदी बिल नको, ई-मेलवर चालेल असं कळवलं की तेव्हा बिलामागे दहा रुपये सूट मिळायची, वर्षाचे एकशेवीस. काका म्हणाले, “अन् उद्या बँकेत पत्ता दाखवायचा झाला तं काय तुह्या साहेबाले मोबाइल ओवाळू?” आता बँकेच्या केवायसीत राहण्याचा पुरावा म्हणून दोन महिन्यांच्या आतलं विजेचं बिल चालतं, आणि ते दररोज मागणारा माणूस काउंटरच्या अलीकडे बसलेला असतो. तो मीच. एका खात्यानं कागद वाचवायचा आणि दुसऱ्यानं तोच मागायचा, याला आमच्याकडे समन्वय म्हणतात. काकांचं बिल अजून कागदीच येतं. मागच्या कोऱ्या बाजूवर ते दुधाचा हिशेब लिहितात. काकांच्या मते पर्यावरण ते यालाच म्हणतात.

विजेचं एक बरं असतं, ती दिसत नाही. पाणी दिसतं, म्हणून त्याची भांडणंही दिसतात. माझं घर अमरावतीला, सासुरवाडी अकोल्याला. इंग्रजी अमदानीत अमरावतीची तहान भागवायला वडाळीचा आणि छत्री तलाव बांधले. आता पाणी मोर्शीकडच्या सिंभोऱ्याहून, ऊर्ध्व वर्धा धरणातून येतं. त्या जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. नाव ठेवणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो. कथेतला नळराजा दमयंती झोपेत असताना न सांगता निघून जातो. आमच्याकडे भल्या पहाटे एखादी दमयंती बकेट घेऊन उभी असते, आणि नळ गेलेला असतो.

अकोल्याला पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं. तिथे चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळ येण्याची लोकांना इतकी सवय की तिथी आणि वार दोन्ही नळावरून मोजतात. सासरे फोनवर प्रेमानं सांगतात, “जवाईबापू, मंगळवारी नळ आहे, बुधवारी या.” इतर गावांतले जावई धोंड्याच्या महिन्याची वाट पाहतात, मी बुधवारची पाहतो. पण यात हसण्यासारखं फार नाही. अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेच्या दोन्ही काठांवर खारपाणपट्टा आहे. तिथे विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना वान धरणावरून ‘चौऱ्याऐंशी खेडी’ योजनेचं पाणी द्यावं लागलं ते यामुळेच. पायाखाली पाणी आणि घशाला कोरड, हे आमच्या मुलखात निव्वळ अलंकारिक बोलणं नाही.

आता गल्लीकडे येतो, कारण प्रतिज्ञा मंडपात होते आणि पाणी गल्लीत येतं. आमच्या गल्लीत प्रतिज्ञा घेतलेली बरीच मंडळी आहेत, आणि जवळजवळ तेवढेच टिल्लू पंप. ज्यांना हे यंत्र माहीत नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो : ही नळालाच जोडायची छोटी मोटार. नळ आला की ही पाणी ओढून टाकीत चढवते. पण ओढते ते पाणी काही धरणातून नवं येत नाही. पुढच्या घरांच्या वाट्याचंच येतं. वरच्या दहा घरांत मोटारी लागल्या की शेवटच्या घराच्या नळातून नुसती हवा येते. शिवाय पाइपातला दाब असा उतरला की एखाद्या फुटक्या जोडातून शेजारच्या नालीचं पाणीही आत ओढलं जातं, ते वेगळंच. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर ठेव सगळ्यांची, आणि चेक फक्त पहिल्या दहांचे वटायचे.

आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात एक आजी राहतात. एकट्या. मोटार नाही, टाकी नाही, दोन पितळी गुंड आहेत. संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू असतं. त्या वर्षी सौ.नं वाण म्हणून प्लास्टिकच्या तोट्या आणल्या होत्या. मी हसलो, तेव्हा तिनं मलाच हिशेब करायला बसवलं. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चार लिटरांच्या वर जातं. मी हसायचं थांबवलं. आजी आल्या, हळदीकुंकू लावून घेतलं, आणि तोटी परत सौ.च्या हातात ठेवून म्हणाल्या,

“बाई, माह्या नळाले पानीच येत नाही, तं तोटी कायले? वाण द्याचंच असंन तं एक द्या. नळ आले का पयला अर्धा घंटा मोटारी लावू नका.”

सगळ्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहायला लागल्या. तिळगूळ तोंडात असल्यामुळे कुणाला गोड बोलण्याखेरीज दुसरं काही बोलता येईना. वाण नाकारायचं नसतं, आणि मागितलं तर द्यावं लागतं. त्या एका दुपारी जे ठरलं, ते ठरवायला मंडप लागला नाही, आणि ‘नाही’ हा शब्द कुणाच्या घशात अडकला नाही. पुरुषांना संध्याकाळी निर्णय कळवण्यात आला.

मला तेव्हा वीसएक वर्षांपूर्वीची एक योजना आठवली. सन २००५-०६ च्या सुमाराला महाराष्ट्रात भारनियमनानं कहर केला होता. तेव्हा ‘अक्षय प्रकाश’ नावाची योजना निघाली. गावानं एकत्र बसून ठरवायचं, की संध्याकाळच्या ऐन गर्दीच्या वेळी शेतातला पंप, पिठाची गिरणी, हीटर काहीही लावायचं नाही. फक्त दिवे, पंखे, टीव्ही. त्या बदल्यात गावात अंधार होणार नाही. पाच अश्वशक्तीचा एक पंप म्हणजे साठ वॅटचे निदान साठ दिवे. एकानं चोरून पंप सुरू केला की साठ घरांतल्या पोरांचा अभ्यास बुडाला. राखण कुणी करायची? गावानंच. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले आणि जे शब्दानं राखायचं ते तारांवर सोपवलं गेलं. ते बरंच झालं; तार रात्री झोपत नाही आणि भाऊबंदकी पाहत नाही. पण शब्दावर दिवे जळत होते, हेही विसरू नये.

अकोल्यानंही असाच एक मोठा काला केला होता. जानेवारी २०१८ मध्ये मोर्णा नदी साफ करायला हजारो माणसं पात्रात उतरली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं. आमचे मेहुणेही हातमोजे घालून गेले होते. त्यांच्या घरी कपाट सरकवायला ते सापडत नाहीत, पण नदीला सापडले. अडचण एकच. जलकुंभी हे पीक हवामान मानवलं तर पंधरवड्यात दुप्पट होतं. आमच्याकडे किसान विकास पत्राला, २०२३ च्या एप्रिलमध्ये ठरलेल्या दरानं, त्यासाठी एकशेपंधरा महिने लागतात. एवढ्या चक्रवाढीशी एका शनिवारच्या भांडवलावर झुंजता येत नाही. दर शनिवारी हप्ता भरावा लागतो. आणि हप्त्याच्या दिवशी फोटोवाला येत नसतो.

हे सगळं आमच्याच मातीतल्या एका माणसानं फार आधी करून दाखवलं होतं. शेंडगावचे गाडगेबाबा. गावात शिरले की दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन. आधी झाडणं, मग बोलणं. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. समाधी अमरावतीतच आहे. नेमका त्याच तारखेला ऊर्जा संवर्धनाचा सप्ताह संपतो. हा योगायोग आयोजकांच्या लक्षात आला, तर एखाद्या वर्षी भाषणं आठव्या दिवसावर टाकून पाहायला हरकत नाही.

मार्चचा सप्ताह दरवर्षीप्रमाणे बसेल, शाखेत फोन येईल, साहेब माझ्याकडे पाहतील. मी जाईन, बिस्किटं चांगली असतात. आमच्या गल्लीचं म्हणाल तर नळाच्या दिवशी निवृत्त पोस्टमास्तर हातात घड्याळ घेऊन ओट्यावर बसतात. अर्धा तास मोटारी गप्प. गल्लीत भांड्यांचा आवाज तेवढा येतो. तीस मिनिटं झाली की ते शिट्टी फुंकतात, आणि मग मोटारी घरघरायला लागतात.

परवा शिट्टी झाली, तरी मिनिटभर कुणी बटण दाबलं नाही. आजींचा दुसरा गुंड भरायचा होता.