एका ऑक्सिजनचा फरक

माझ्या दादाचा आजार एका ऑक्सिजनच्या अणूचा आहे. श्वासातल्या नाही, मेंदूतल्या चरबीतल्या.

सात वर्षांचा होईपर्यंत दादा मनीषनगरच्या गल्ल्यांमधून सायकल हाणायचा. मग पाय ताठरले, टाचा जमिनीला टेकेनात. आज सव्विसाव्या वर्षी तो वॉकरनं चालतो आणि बोलणंही जड झालंय. डॉक्टरांना निदान सापडायला बरीच वर्षं लागली. नातेवाइकांकडे ते आधीपासूनच तयार होतं : "आईच्या घराण्यातून आलं."

जनुक तपासणीच्या रिपोर्टमध्ये एक नाव होतं, एफएटूएच. हे एक एन्झाइम आहे. मेंदूतल्या तंतूंभोवती मायलिनचं वेष्टण असतं आणि त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग स्निग्ध असतो. तो बनवायला एन्झाइमांची अख्खी रांग राबते. एक सिरॅमाइड तयार करतं, दुसरं त्याला गॅलॅक्टोज जोडतं, तिसरं काहींवर सल्फेट चढवतं. एफएटूएचचं काम एवढंसंच : मेदाम्लाच्या साखळीवर एक ऑक्सिजन बसवायचा. पण मायलिनमधल्या गॅलॅक्टोजवाल्या लिपिडांपैकी निम्म्याहून जास्त लिपिडांवर हा ऑक्सिजन असतो.

शास्त्रज्ञांनी हे एन्झाइम नसलेले उंदीर तयार केले. त्यांचं मायलिन आधी नीट बनलं, पण वय वाढल्यावर झडायला लागलं. म्हणजे त्या ऑक्सिजनवाचून वेष्टण बनतं, टिकत नाही. दादा आधी सायकल कसा चालवायचा, हे कोडं मला इथं थोडं उलगडलं.

आता घराण्याचं. आई ही बाबांच्या मामाची मुलगी. म्हणजे 'आईचं घराणं' हे बाबांचं आजोळ, आणि दोष देणाऱ्या आत्याचंही. हा आजार व्हायला जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून आणि एक बाबांकडून. एकेक बिघडलेली प्रत घेऊन दोघंही ठणठणीत आहेत.

जवळच्या नात्यात न करता फक्त समाजातच लग्नं केली, तरी असं होऊ शकतं. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. भीम सिंघल यांनी १९९०च्या दशकात अगरवाल समाजातल्या मुलांमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागाचा एक वेगळा आजार नोंदवला. २००१मध्ये त्याचं जनुक सापडलं, एमएलसी१. पुढे दिसलं की या समाजातल्या बहुतेक रुग्णांमध्ये त्या जनुकातला बदल एकच आहे, कुण्या जुन्या पूर्वजाकडून आलेला. यात दोष कुणाला देणार?

आता मला स्थळ आलंय, मामाच्याच मुलाचं. मला तो आवडतो. पण मी वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे. तोही निघाला, तर प्रत्येक बाळाला धोका चारात एक. आत्या म्हणते, "कोणाले सांगू नको बाप्पा, लग्न मोडंल."

दादातला बदल माहीत आहे, त्यामुळे आमची तपासणी नेमकी तेवढ्यापुरती होऊ शकते. मी मामाला फोन केला. म्हटलं, आधी दोघांची तपासणी, मग बोलणी.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रक्त उपाशीपोटी द्यावं लागते का?"

"नाही मामा, जेवून गेलं तरी चालते."