चितळ, सांबर आणि एक नळी

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या जंगलात चितळ आणि सांबर एकाच पाणवठ्यावर उतरतात, पण दोघांच्या अंगात मोठं अंतर. चितळाचा पूर्ण वाढलेला नर ७० ते ८५ किलोचा, मादी त्याहून बरीच हलकी. सांबराचा नर २०० किलो सहज ओलांडतो, चांगला पोसलेला ३०० पर्यंत जातो. या दोघांना पुरेल अशी एकच रायफल घ्यायची झाली तर ती कोणत्या बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची, असावी? गडचिरोली वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधीच्या, शिकारीचे परवाने मिळत होते त्या काळातल्या चांदा जिल्ह्यात हा प्रश्न बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येकाला पडायचा. चार-चार रायफली ठेवणं राजेरजवाड्यांना आणि गोऱ्या साहेबांना परवडे. मालगुजार, जंगलाचे ठेकेदार, वकील यांच्या घरी बहुधा एकच असे आणि तिच्यावरच सगळं भागवावं लागे.

अमेरिकेत हरीण आणि एल्क यांच्या शिकारीसाठी आजही हाच प्रश्न विचारला जातो. तिथे शिकार कायदेशीर आहे, हंगाम ठरलेले असतात. एल्कचा नर ३०० किलोंच्या वर जातो, तिथलं साधं हरीण चितळापेक्षा थोडंच मोठं. तिथलं एक जुनं आणि अजून टिकलेलं उत्तर म्हणजे १९०६ साली अमेरिकी सैन्यासाठी निघालेलं थर्टी-ऑट-सिक्स काडतूस. त्याची खुबी अशी, की त्याच नळीतून १० ग्रॅमची हलकी गोळीही जाते आणि १४ ग्रॅमची जडही. जनावर बदललं की रायफल बदलायला नको, काडतूस बदललं की झालं. १९२५ मध्ये विंचेस्टर कंपनीचं टू-सेव्हन्टी आलं आणि ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात जॅक ओ’कॉनर यांनी वर्षानुवर्षं त्याची बाजू मांडली. साडेआठ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर. दरीपलीकडच्या उतारावर, अडीचशे-तीनशे मीटरवर उभ्या असलेल्या जनावरासाठी ती उत्तम, कारण इतक्या अंतरातही ती फार खाली येत नाही.

एटापल्लीत मात्र ही लांब पल्ल्याची खुबी वाया जाते. साग, ऐन, बिजा आणि मधे बांबूची रांजी, यांत नजर पन्नास-साठ मीटरवर अडते. इथे जनावर दिसतं ते तुकड्यातुकड्यानं: आधी कान, मग पाठीची रेघ. जड आणि संथ गोळी झुडूप कापत सरळ जाते, हलकी गोळी काडीला लागली की फिरते, असा समज जुन्या शिकाऱ्यांत पक्का होता. चाचण्यांत तो फारसा टिकला नाही. काडी लागली की कोणतीही गोळी वाट सोडते. म्हणून बांबूत मोकळी फट मिळेपर्यंत घोडा न ओढणं हेच खरं कसब होतं, आणि ते कोणत्याही बोअरबरोबर विकत मिळत नव्हतं.

भारतात या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी सरकारनंच ठरवून टाकलं. थ्री-नॉट-थ्री हे फौजेचं काडतूस, ते खासगी परवानाधारकाच्या हाती पडू द्यायचं नाही हे इंग्रजांचं धोरण. स्वतंत्र भारतानंही ते बोअर सर्वसामान्यांसाठी बंदच ठेवलं. मग इछापूरच्या रायफल फॅक्टरीनं ली-एनफिल्डचाच बोल्ट आणि सांगाडा घेऊन वेगळ्या काडतुसाची रायफल काढली, ती थ्री-फिफ्टीन. हे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं: आठ मिलिमीटर बोअर, सुमारे १५.८ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास. युरोपच्या सैन्यांनी ते कधीच टाकून दिलं. भारतात मात्र ते खेड्यापाड्यांत पोहोचलं आणि टिकलं. तीनशे मीटरवर त्याचा भरवसा कोणी देणार नाही. पन्नास मीटरवर सांबरासाठी ते पुरेसं जड आणि चितळासाठी अति नाही. मध्य भारतातल्या दाट जंगलासाठी हा निवाडा योगायोगानं का होईना, बरोबर ठरला.

बोअरच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे पडते, ती म्हणजे गोळीचं टोक. पूर्ण तांब्याच्या कवचातली लष्करी गोळी चितळातून आरपार जाते आणि जनावर तसंच पळत सुटतं, मग दुसऱ्या दिवशी कुठेतरी नाल्यात मरतं. मऊ टोकाची गोळी आत फुलते आणि आपला जोर जनावराच्या अंगात ठेवते. अशा फुलणाऱ्या गोळ्यांचं एक गाजलेलं रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या दमदममध्ये तयार झालं. १८९९ च्या हेग परिषदेनं युद्धात अशा गोळ्या वापरायला मनाई केली. शिकारीत मात्र त्या दयेच्या बाजूच्या ठरल्या. बोअरचं म्हणाल, तर शिकारी जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर भेट मिळालेली रिग्बी रायफल टू-सेव्हन्टी-फाइव्ह बोअरची, म्हणजे थ्री-फिफ्टीनपेक्षाही बारीक. बारीक बोअरनं मोठं काम होतं, पण नेम कॉर्बेटचा लागतो.

इथल्या माडिया आदिवासींनी हाच प्रश्न धनुष्यावर सोडवला होता. धनुष्य एकच, बाण वेगवेगळे: पाखरासाठी बोथट टोकाचा लाकडी, मोठ्या जनावरासाठी लोखंडी पात्याचा. थर्टी-ऑट-सिक्सवाला काडतूस बदलतो त्यामागचा विचार याहून वेगळा नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कलम ९ नं शिकार बंद झाली. कायदा हवाच होता. त्यामुळे एटापल्लीत चितळ-सांबरासाठी बोअर निवडण्याची वेळ आता कोणावर येत नाही, आणि येऊही नये. पण एक नळी आणि दोन जनावरं हा पेच संपला नाही. तो वनखात्याच्या बेशुद्धीच्या बंदुकीत जसाच्या तसा उतरला.

न्यूझीलंडचे पशुवैद्य कॉलिन मर्डोक यांनी १९५० च्या दशकात अशी बंदूक विकसित केली, तीही रानबकऱ्या आणि हरणांचा अभ्यास करताना पकडापकडीचा त्रास टाळावा म्हणून. आज वापरात असलेल्या बंदुकांच्या नळ्या बहुतेक ११ किंवा १३ मिलिमीटरच्या. दारूऐवजी दाबाखालचा वायू, गोळीऐवजी सुई लावलेली सिरिंज. विहिरीत पडलेलं सांबर असो की फाशात पाय अडकलेलं चितळ, बंदूक तीच. बदलतं ते बाकी सगळं: सिरिंज किती मिलिलिटरची, सुई किती लांब, औषध किती, वायूचा दाब किती. वीस मीटरवरच्या चितळाला सांबराचा दाब लावला तर डार्ट हाड मोडतो किंवा पोटात घुसतो. सांबराला चितळाचा दाब लावला तर तो जाड कातडीवरून उसळून खाली पडतो.

नेमाची जागाही उलटी. रायफलवाला शिकारी खांद्यामागे, हृदय-फुप्फुसांवर नेम धरायचा. डार्टवाल्याला नेमकी तीच जागा वर्ज्य. त्याला हवा असतो पुठ्ठ्याचा मांसल भाग, आणि डार्ट इतका संथ जातो की मधल्या एका पानानंही तो भरकटतो. झायलाझिन आणि केटामाइन यांचं मिश्रण चढायला काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात जनावर बांबूत दिसेनासं होतं. बिथरलेलं सांबर पाण्याकडे धावतं आणि गुंगीत असलेलं जनावर गुडघाभर पाण्यातही बुडून मरतं, म्हणून तळ्याजवळ डार्ट मारायचा नसतो. मेच्या दुपारी तर मुळीच नाही, कारण औषधाखाली शरीराला ताप आवरत नाही. चितळाचं आणखी नाजूक: पाठलाग आणि भीती यांनी त्याचे स्नायू आतून नासतात. पशुवैद्य याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. सोडताना धडधाकट दिसलेलं चितळ नंतर, कधी काही दिवसांनीही, दगावू शकतं. म्हणून चितळाच्या बाबतीत ‘डार्ट मारायचाच नाही, जाळी आणि डोळ्यांवर कापड पुरे’ हा निर्णयही त्या कसबाचाच भाग असतो, आणि तो घेणाऱ्या वनरक्षकाचं कौतुक फार कमी होतं.

नीट तयारी असली तर यापेक्षा कितीतरी जड जनावरंही अशी हलवता येतात. जानेवारी २०११ मध्ये कान्हातून बांधवगडला पहिले १९ गवे नेले गेले. गव्याचा नर ९०० किलोंपर्यंत जातो. एवढ्या देहाला झोपवायला एटॉर्फिन हे मॉर्फिनच्या हजार पटींहून तीव्र औषध असतं. त्यामुळे जनावर मोठं असूनही सिरिंज मोठी लागत नाही. उतारा मात्र हाताशी तयार ठेवावाच लागतो.

रायफल असो, धनुष्य असो की डार्ट, तिन्हींत समोरचं जनावर कोणतं, केवढं, किती अंतरावर, हे आधी ठरवावं लागतं. जंगलात आज सर्वांत जास्त भीती वाटते ती यातलं काहीच न विचारणाऱ्या हत्याराची. रानडुक्कर मारण्यासाठी ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवर आकडा टाकून शेताच्या कडेनं, पाणवठ्याच्या वाटेवर उघडी तार ओढतात. तिला चितळ कळत नाही, सांबर कळत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत अशा तारांवर वाघ मेले आहेत, माणसंही मेली आहेत.

पीक राखणाऱ्या शेतकऱ्याचं दुखणं खरं आहे. २०१६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातली रानडुकरं मारण्याच्या परवानगीवरूनही दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांत उघड वाद झाला, तेव्हा ते देशभर पोहोचलं. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी परवानगी मागण्याची वाट कायद्यात आहे, पिकाच्या नुकसानीची भरपाईही मिळते. ती उशिरा मिळते ही तक्रार रास्त आहे आणि खात्यानं ती मनावर घेतली पाहिजे. पण एटापल्ली, भामरागड, अहेरीकडे शेती असलेल्या प्रत्येकाला कळकळीची विनंती एवढीच: तार ओढू नका. कुणी ओढलेली दिसली तर तिला हात न लावता महावितरणच्या लाइनमनला सांगा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.