घोडा आधी आला तर

कारो-कान हा काळ्या मोहऱ्यांचा बचाव मी निवडला नाही, तो माझ्या वाट्याला आला. मुलाला बुद्धिबळाच्या स्पर्धांना न्यायचं आणि शाळेच्या व्हरांड्यात डबा, पाण्याची बाटली आणि इतर पालकांच्या गप्पा यांत दिवस घालवायचा, याचा कंटाळा येऊन मी स्वतःचंच नाव रॅपिडमध्ये घातलं. मुलाचे सर म्हणाले, "मॅडम, पांढऱ्यांनी काय वाट्टेल ते खेळा. काळ्यांनी मात्र कारो-कान. भक्कम आहे, लवकर हरणार नाही."

मी तो वहीत उतरवला. पांढऱ्याचं प्यादं ई४, आपलं सी६. त्याचं डी४, आपलं डी५. त्याचा घोडा सी३ला येतो, आपण ई४चं प्यादं मारायचं, घोडा परत मारतो, मग आपला उंट एफ५वर येऊन त्या घोड्याला हटकतो. घोडा जी३, उंट जी६. पांढरा एच४ करून उंटाला कोंडायला बघतो, म्हणून आपण एच६ करून त्याला एच७ची पळवाट ठेवायची. मग त्याचा दुसरा घोडा एफ३ला, आपला घोडा डी७ला. पाढ्यांसारखं पाठ केलं. भाजी चिरताना पुटपुटायची सवय लागली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, समोरचा पण हेच खेळणार आहे का?" मी म्हटलं, खेळेलच की, पुस्तकात दिलंय.

माझ्यासमोर बसली ती दहा-अकरा वर्षांची मुलगी. पेन्सिलवर युनिकॉर्न. ई४, सी६. आता डी४ येणार म्हणून माझा हात डी५च्या प्याद्यावर तयारच होता, तर तिने घोडा सी३ला काढला. मी डी५ केलं. तिने दुसराही घोडा काढला, एफ३ला. डी-प्यादं अजून घरात. मला वाटलं, पोरगी मधलं प्यादं विसरली, बरंच झालं. मी मारलं, तिने मारलं. उंट एफ५, घोडा जी३, उंट जी६, एच४, एच६. सगळं वहीतलं. पळवाट ठेवली होती, घड्याळात वेळ भरपूर होता, मी पाणी प्यायले.

आणि घोडा ई५ला आला.

वहीत या वेळी घोडा जेमतेम एफ३ला पोचतो. इथे तो एक चाल पुढे होता आणि माझ्या उंटावर बसला होता. उंट एच७ला नेला. तिचा वजीर एच५ला आला, एफ७वर मात दिसत होती. मी जी६ करून वजिरावरच हल्ला केला. बरं वाटलं. तिने वजीर हलवलाच नाही, शांतपणे उंट सी४ला ठेवला. वजीर फुकट! मी दोनदा बघितलं, खरंच फुकट होता. मारला. तिने उंटाने एफ७चं प्यादं उचललं आणि घड्याळ दाबलं. शह. राजाला एकच रिकामं घर होतं, डी७, आणि त्यावर तो ई५चा घोडा नजर ठेवून होता. उंट मारावा, तर त्यालाही त्याच घोड्याचं बळ. बाकीची घरं माझ्याच मोहऱ्यांनी अडवलेली. दहाव्या चालीत मात.

बाहेर येऊन तिने एका बाकावर पट मांडला. "काकू, वजीर नव्हता घ्यायचा," ती म्हणाली, आणि पुढे लगेच, "पण तसंही तुम्ही आधीच गेला होतात."

"कुठे? माझ्या चाली तर बरोबर होत्या."

"तुमच्या बरोबर होत्या. माझ्या वेगळ्या होत्या ना."

मग तिने दाखवलं. नेहमीच्या डावात पांढरा एक चाल डी४वर घालवतो, म्हणून त्याचा घोडा एफ३ला उशिरा येतो, आणि तो ई५वर उडी मारायच्या आत आपला घोडा डी७ला येऊन ते घर राखतो. तिने डी४ केलंच नाही. ती वाचलेली चाल तिने घोड्याला दिली. मी मात्र तीच घरं, तोच क्रम चालवत राहिले. एका चालीच्या फरकाने डी७चा घोडा कधी आलाच नाही.

घरी आल्यावर सरांना फोन केला. ते हसले नाहीत, त्यांनी एक जुना डाव पाठवला. १९३८, प्लिमथ. पांढरा अलेखाइन, म्हणजे जगज्जेता, आणि काळा ब्रूस. पहिल्या नऊ चाली पांढऱ्याच्या माझ्या डावासारख्याच, थेट सी४च्या उंटापर्यंत! फक्त ब्रूसने वजीर मारला नाही, ई६ केलं. अलेखाइनने वजीर ई२ला मागे घेतला. ब्रूसने घोडा एफ६ला काढला, कोणीही काढेल तसा. मग ई५च्या घोड्याने एफ७चं प्यादं मारलं, राजाने घोडा मारला, वजिराने ई६वर शह दिला आणि एफ७वर मात केली. तेराव्या चालीत. म्हणजे वजीर न मारता तो माझ्यापेक्षा तीन चाली जास्त टिकला. मला बराच धीर आला, खरं सांगायचं तर.

मग उपाय? सरांचा प्रश्न साधा होता: एफ३ला घोडा आधीच उभा असेल, तर एफ५ला उंट कशाला? ज्या घोड्याची भीती आहे त्यालाच बांधा. तिसऱ्या चालीत उंट जी४. पांढरा एच३ करून विचारतो, जातोस की मारतोस. सरळ मारायचा. आपली प्यादी सी६, डी५, ई६ अशी पांढऱ्या घरांवर बसणार, तेव्हा पांढऱ्या घरांतला उंट गेला तरी फार रडायचं कारण नाही. मी हे लाल पेनाने लिहिलं: उंट जी४, एच३, घोडा मारा, वजीर परत मारणार.

त्या "वजीर परत मारणार"खाली सरांनी प्रश्नचिन्ह काढलं. १९६०, मॉस्को, जगज्जेतेपदाची लढत, तिसरा डाव. बोटविनिक काळ्यांनी नेमकं हेच खेळला, आणि तालने वजिराने न मारता जी-प्याद्याने मारलं! स्वतःच्याच प्याद्यांची रांग मोडून. डाव बरोबरीत सुटला. मी विचारलं, "मग शिकायचं तरी काय? प्रत्येक चालीला दुसरी चाल आहे." सर म्हणाले, "मॅडम, चाल पाठ करू नका. ती कशासाठी आहे ते लिहा."

आता वहीत चालींसमोर दुसरा रकाना आहे. सी६: डी५ला आधार. डी७चा घोडा: ई५ राखायला. एच६: एच७ मोकळं ठेवायला, आणि शेजारी, हे कामाचं तेव्हाच, जेव्हा ई५ राखलेलं असेल. पहिल्याच चालीत घोडा सी३ला आला की आता घाबरत नाही. आपण डी५, त्याचं ई४, आपण सी६, की तोच दोन घोड्यांचा रस्ता समोर दिसतो. आडवाटा माझ्याकडेही आहेत, हेही कळलं. पांढऱ्याने डी४ने सुरुवात केली तरी आपण सी६ करायचं. त्याला मोह झाला आणि त्याने ई४ केलं, की डी५ करून आपण घरी पोचलो, कारो-कानमध्ये. सी४ केलं तरी डी५, तो स्लाव्ह बचाव. हे समजलं तेव्हा मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या स्पर्धेत एक निवृत्त काका समोर आले. डी४. मी सी६ केलं आणि त्यांच्या राजाच्या प्याद्याकडे आशेने बघत बसले. त्यांनी चष्मा पुसला आणि उंट एफ४ला ठेवला. लंडन सिस्टिम. ही माणसं तुम्ही काहीही खेळा, उंट एफ४, प्यादं ई३, घोडा एफ३ याच क्रमाने मांडामांड करतात, आणि मला त्यांचा राग येतो. डाव दुपारच्या जेवणापर्यंत चालला आणि आम्ही बरोबरी मान्य केली.

लंडनवर सरांनी वजीर बी६ला आणायला सांगितलंय: उंट बाहेर गेला की बी२च्या प्याद्याला राखणदार उरत नाही. मी लिहून घेतलं, दुसऱ्या रकान्यात कारणही. मग विचारलं, बी२ राखायला समोरचा बी३ करेल की वजीर सी१ला नेईल?

"दोन्ही करतात," सर म्हणाले. "काही जण तर राखतच नाहीत."