टिनातलं पाणी

उजव्या अंगठ्याच्या बुडाशी जो सांधा असतो तो दोनेक वर्षांपासून रुसला आहे. लाटणं चालतं, नारळ खवणं कसंबसं चालतं, पण चिमटा धरला की कळ थेट मनगटात जाते. त्यामुळे सॅल्मनच्या फिलेतले काटे उपटणं संपलं. माझा धंदा डबे देण्याचा. व्हँकुव्हरजवळच्या सरी शहरात माझ्याकडे जेवणारे निम्मे विद्यार्थी, निम्मे संसारी आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलं. मुलाच्या घशात एक काटा अडकला की त्या घराचा डबा बंद, आणि त्यांच्या ओळखीच्या आणखी दोन घरांचाही.

एका फिलेत तीसेक काटे असतात, मधल्या रेषेने डोक्याकडून निघून अर्ध्याच्या थोडे पुढे जातात. बोट फिरवलं की टोकं लागतात. डोक्याच्या दिशेने तिरके ओढायचे, सरळ वर ओढले तर मांस फाटतं. मासा जितका ताजा तितका काटा घट्ट. बोटीवरून नुकत्याच उतरलेल्या मासळीत काटा सुटता सुटत नाही, आला तर मांसाचा लचका घेऊनच येतो. अंगातला ताठरपणा उतरून चार दिवस गेले की मग अलगद निघतो. तेव्हा दुकानात ‘फ्रेश’ची पाटी लावलेली, एकही काटा नसलेली गुळगुळीत फिले दिसली, तर ती किती फ्रेश असेल याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

तर, टिनातला सॅल्मन. मी वेंगुर्ल्याची. टिनातला मासा मांजराला घालतात, असं महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत चारचौघांत बोललेली बाई आहे मी. टिन घ्यायला लागले तेव्हा रिकामे टिन रिसायकलिंगच्या पेटीत वर्तमानपत्राखाली दडपून टाकायचे, शेजारच्या देसाईबाई कचरा टाकायला येतात म्हणून. गिऱ्हाइकांना मेनूवर स्वच्छ लिहून कळवत होते, देसाईबाईंपासून मात्र लपवत होते.

खरं तर लाज वाटायचं कारण नव्हतं. हा देशच टिनावर उभा राहिला, निदान हा किनारा तरी. फ्रेझर नदीच्या मुखाशी स्टीव्हस्टन आहे, तिथे 1894 साली बांधलेली गल्फ ऑफ जॉर्जिया कॅनरी अजून उभी आहे, आता तिचं संग्रहालय झालंय. चिनी कामगार मासे कापायचे, बोटींवर जपानी, आणि टिन भरायला इथल्या मूळ रहिवाशांच्या बायका, पाठीला पोर बांधून. त्या काळी बहुतेक माल बोटीत भरून विलायतेला जायचा. रीत आजही साधारण तीच आहे: कच्चा मासा कापून टिनात, वर थोडं मीठ, झाकण पक्कं, आणि मग दाबाच्या वाफेत एकशेवीस अंशांच्या आसपास तासाहून जास्त. मासा शिजतो तो टिनातच. म्हणून काटे, अगदी मणकासुद्धा, बोटांनी चुरगळतो. मी तो काढत नाही, चुरडून मिसळते. कॅल्शियम त्यातच आहे आणि माझ्या वयाच्या बाईला ते हवंच.

पाणी वरून घातलेलं नसतं. टिनात जे पाणी दिसतं तो माशाचाच रस आणि माशाचंच तेल. गेली दोन वर्षं माझं डोकं खातोय तो हा रस.

पहिल्यांदा अर्थातच कालवण करून पाहिलं. ओलं खोबरं, लाल मिरची, धणे, आगळ, आणि बांगड्याला घालतो तसं तिरफळ, कारण सॅल्मनही तेलकट. चव बरी आली. मालवणकडचे एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे जेवतात, त्यांनी डबा परत देताना एवढंच विचारलं, “गो बाय, तुकडी खंय?” तुकडी नव्हतीच. दोन कढ येईपर्यंत सगळा मासा रश्शात विरघळून त्याचं पिठलं झालं होतं. टिनातला मासा आधीच इतका शिजलेला असतो की त्याला पुन्हा शिजवणं म्हणजे मोडणं. कालवणाला ताजाच मासा हवा आणि तोही शेवटी सोडून, आच बंद करून, झाकून. जास्त शिजला की अंगातून पांढरं सुटतं, ते दिसलं की समजावं, गेला.

मग डोक्यात आलं की मी टिनाला चुकीच्या पंगतीत बसवतेय. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा मे महिन्यातच सुक्या मासळीची बेगमी व्हायची. सोडे, सुकट, खारा बांगडा. सोड्यांनी ओल्या कोळंबीसारखं लागावं असं कुणी म्हणत नाही. फ्रेझरच्या दरीतले मूळ रहिवासीही उन्हाळ्याच्या गरम वाऱ्यावर सॅल्मन वाळवतात, त्याची तुलना कुणी ताज्याशी करत नाही. टिन त्याच घरातला. मग त्याचं करायचं काय, तर सुक्या मासळीचं करतात तेच, खोबरं-कांदा घालून किसमूर.

किसमूरला मासा कुरकुरीत लागतो, आणि टिनात भरलाय रस. रस ओतून द्यावा तर चव आणि तेल त्याच्याबरोबर सिंकमध्ये जातं, उरतो तो भुसा. न ओतावा तर तव्यावर मासा भाजत नाही, वाफवतो. मी तो फडक्यात पिळून पाहिला, चाळणीवर दाबून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून पाहिला, बिडाच्या तव्यावर मंद आचेवर तासभर परतून पाहिला. शेवटच्या प्रकारात कडा करपतात आणि मधला भाग तसाच मऊ. घरभर वास बसतो तो वेगळा. इथल्या बेसमेंटच्या खिडक्या हातभर असतात.

शनिवारी माझ्याकडे नाशिकची एक मुलगी मदतीला येते, शिकते आहे. जन्मात मासा न शिवलेली, चाळणी धुताना नाक मुरडणारी. ती म्हणाली, “काकू, ते पाणी वेगळंच का नाही आटवत? आमटीचं आटवतो तसं.” मला राग आला. मासे मला ही शिकवणार! ती गेल्यावर आटवलं.

रस कढईत आधी फेसाळतो आणि कच्चा, धातूसारखा वास येतो. तिथे घाबरून थांबायचं नाही. ठेचलेली दोन तिरफळं टाकायची. फेस बसतो, बुडबुडे मोठे आणि सावकाश होतात, तेल कडेला वेगळं होतं, आणि तळाला तपकिरी चिकट थर धरायला लागतो. तेव्हा खवलेलं खोबरं त्यात घालून सुकं होईपर्यंत परतायचं. सगळी चव खोबरं पिऊन घेतं. मासा दुसरीकडे तव्यावर कोरडा, मग दोन्ही एकत्र, वरून कांदा, तिखट, आगळाचे चार थेंब. मीठ चाखल्याशिवाय नाही, टिनात आधीच असतं. गेल्या मकरसंक्रांतीला हळदीकुंकवात सगळ्यांनी विचारलं, ही युक्ती कुणाची? मी म्हटलं, आमच्या आजीची.

तरी प्रश्न सुटलेला नाही. चुलीजवळ खाल्लं तर उत्तम. डबा उघडतो तो तीन तासांनी. कांदा वेगळ्या डबीत देते, भाताची वाफ जिरेपर्यंत झाकण लावत नाही, तरी मासा मऊ पडतोच. कुरकुरीत किसमूर डब्यात पोचवणं मला अजून जमलेलं नाही.

पण ताज्याचं तरी काय होतं डब्यात? रवा लावून तळलेली तुकडी तीन तासांनी ओली चादर, आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये घातली की कोरडी ठक्क, शिवाय पूर्ण मजला नाक धरतो. टिनातला मासा पुन्हा गरम करण्याला भीत नाही, त्याने याहून वाईट सोसलेलं असतं. आणि इथे रोजचा ‘ताजा’ म्हणजे बहुतेक समुद्रातल्या जाळ्यांत पाळलेला अटलांटिक सॅल्मन. त्यात शंभर ग्रॅमला तेरा ग्रॅमच्या आसपास चरबी, टिनातल्या पिंक सॅल्मनच्या दुपटीहून जास्त. रंग खाद्यातून दिलेला. आगळाने ती चरबी कापली जात नाही. या प्रांतातली उघडी जाळी 2029 पर्यंत बंद करायचं सरकारने जाहीर केलंय, मला त्याचं दुःख नाही. आमच्याच भागात एक बाई ‘वाइल्ड सॅल्मनचं मालवणी’ म्हणून बारा महिने विकतात. रश्शावर तेलाचा तवंग बघितला की मासा कुठला ते कळतं. त्यांच्या मसाल्याबद्दल मी बोलत नाही, नारळाचं दूधही टिनातलंच असतं.

खरा ताजा उन्हाळ्यात. फ्रेझरचा सॉकाय सॅल्मन सुटला की स्टीव्हस्टनच्या धक्क्यावर कोळी बोटीवरूनच विकतात. चार वर्षांतून एकदा मोठी लाट येते, 2010, 2014, 2018, 2022 अशी. तेव्हा मी अख्खा मासा आणते, जाड तुकड्या पाडते, काटे तसेच ठेवून कालवण करते, आणि ते घरच्या ताटात वाढते. डब्यात नाही. काटा कसा खायचा ते ज्यांना माहीत आहे त्यांनी घरी यावं.

बाकी वर्षभर टिन. सॉकायचा लाल आणि घट्ट, पिंकचा फिका, मऊ आणि स्वस्त. कटलेटला पिंक, किसमूरला सॉकाय. शिवणीवर चेपलेला टिन घेऊ नका. 1978 साली बर्मिंगहॅमला अशाच गळक्या टिनातल्या सॅल्मनने बोटुलिझम होऊन दोघं दगावली होती. आत काचेसारखे खडे दिसले तर मला रात्री अकराला फोन करू नका, व्हिनेगरमध्ये टाकून गरम करा, विरघळले तर ते माशातलेच क्षार आहेत. आणि पाणी ओतून देऊ नका.